दहा बाय बाराची खोली, चार वाचक आणि एक कूलर

चौघं हॉलमध्ये बसतात, मधल्या टीपॉयवर फोन ठेवतात, लाल बटण दाबतात आणि तासभर एका कादंबरीवर मनसोक्त भांडतात. रात्री ऐकायला घेतलं की सगळेच विहिरीच्या तळातून बोलताहेत असं वाटतं. कोण काय म्हणालं हे अंदाजानं ओळखावं लागतं. पुस्तक-भिशीचा पॉडकास्ट सुरू करणाऱ्या बहुतेक मंडळींचा पहिला भाग असाच निघतो, आणि मग वर्गणी काढून महागडा माइक आणायची चर्चा सुरू होते. माइक आणूनही फरक पडत नाही, कारण दोष त्याचा नसतोच. दोष अंतराचा असतो आणि भिंतींचा.

तोंडातून निघालेला आवाज माइककडे दोन वाटांनी येतो. एक सरळ वाट. दुसरी भिंत, छत, फरशी, काचेचं कपाट यांवर आपटत आपटत येणारी. सरळ येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे त्याची ऊर्जा चौथाई राहते. आपटत फिरणारा आवाज मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो, माइक कुठेही ठेवा. प्रत्यक्ष खोलीत बसलेल्याला हे जाणवत नाही, कारण दोन कान आणि मेंदू मिळून आधी आलेला आवाज धरतात आणि मागून येणारा बराचसा दुर्लक्षित करतात. टीपॉयवरचा फोन असं काही करत नाही. तो आलं ते सगळं एकाच भांड्यात ओततो.

खोली किती घुमते याचा हिशेब १८९५च्या सुमारास वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकानं हार्वर्ड विद्यापीठात मांडायला सुरुवात केली. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला समजत नव्हतं, कारण प्रत्येक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाईननं जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणल्या आणि रस्ते शांत झाल्यावर, रात्री, त्या एकेक करून आत ठेवत घुमण्याचा काळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. उत्तर सेकंदांत येतं. शोषणाचं माप त्यानं मोठं सुटसुटीत ठरवलं होतं: उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचं शोषण १.

आता आपली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेऊ. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून ६३ चौरस मीटर. प्लास्टर आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग गिळतात, म्हणजे एकूण शोषण २च्याही खाली. मोकळी खोली जवळपास ३ सेकंद घुमते. चार माणसं बसली की त्यांच्या कपड्यांसकट शोषण पावणेदोनानं वाढतं. कापसाच्या दोन जाड गाद्या भिंतीला उभ्या टेकवल्या की आणखी साडेतीन. उरलेल्या भिंतींवर दोन-तीन रजया टांगल्या की अजून तीन. बेरीज दहाच्या पुढे जाते आणि घुमणं अर्ध्या सेकंदावर येतं. बोलण्यासाठी एवढं चालतं. गाद्या कुठे टेकवायच्या? बोलणाऱ्याच्या समोर, कारण त्याचा आवाज आधी तिथेच आदळतो, आणि माइकच्या तोंडासमोर, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागे. रजई भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटं सोडून टांगली तर जास्त काम करते. रजया नसतील तर नागपूरच्या गांधीबाग बाजारात ठोकात मिळणाऱ्या जाड पडद्याच्या कापडाला दुप्पट चुण्या घालून टांगा. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या फंदात पडू नका, त्यांच्या पातळ पुठ्ठ्यात गिळण्यासारखं काही नसतं. पुस्तकांनी भरलेलं कपाट मात्र खरंच उपयोगी आहे. ते आवाज फार गिळत नाही, पण कमीजास्त रुंदीची पुस्तकं आवाज इकडेतिकडे विखरून टाकतात. त्यासाठी पुस्तकांच्या पाठी एका रेषेत लावायचा मोह आवरा.

या हिशेबातून दुसरा एक आकडा निघतो आणि तो जास्त कामाचा आहे. प्रत्येक खोलीत एक अंतर असं असतं की तिथे सरळ आवाज आणि घुमणारा आवाज बरोबरीचे होतात. मोकळ्या दहा बाय बारामध्ये हे अंतर भरतं सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. वितीच्या बाहेर गेलात की भिंतींचं राज्य. मधल्या टीपॉयवर, मीटरभर लांब ठेवलेल्या फोनला सरळ आवाजाच्या सत्तावीसपट घुमारा ऐकू येतो. गाद्या-रजया लावल्यावर हे अंतर ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढतं, पण मीटरभर लांबून तरीही घुमाराच पाचपट. त्याच खोलीत माइक वीतभर अंतरावर आणला की पारडं उलटतं आणि सरळ आवाज पाचपट होतो. एकाच दिशेनं ऐकणारा माइक असेल तर आणखी थोडी सवलत मिळते. हा आकडा पाठ झाला की माइकच्या किमतीची चर्चा आपोआप मागे पडते.

तर प्रत्येकासमोर वीतभर अंतरावर स्वतःचा माइक हवा. चार माइक नसतील तर चार फोन असतातच. पुस्तकांची चळत रचून फोन हनुवटीच्या उंचीला आणा आणि खाली घडी घातलेली सतरंजी ठेवा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टकटक थेट आत जाते. दोन शेजाऱ्यांच्या फोनमधलं अंतर फोन-तोंड अंतराच्या निदान तिप्पट असू द्या. एकच आवाज दोन फोनांत किंचित मागेपुढे पोहोचला आणि नंतर एकत्र केला, तर काही कंपनं एकमेकांना मारतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो.

इतकं जवळ आलं की नवी अडचण उभी राहते, आणि ती मराठीत जरा जास्तच आहे. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि आधी ‘पण’ म्हणा, मग ‘फणस’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला हवेचा झोत लागतो. ‘भाकर’, ‘थंडी’, ‘खळखळ’ म्हणतानाही तो लागतो. महाप्राण अक्षरं म्हणजे शब्दशः श्वासाचे धक्के. माइकच्या पडद्यावर हा झोत आदळला की ‘धुप्प’ असा आवाज उमटतो. आवाज चौफेर पसरतो, झोत मात्र सरळ रेषेत जातो, म्हणून उपाय सोपा आहे: माइक तोंडाच्या नेमका समोर न ठेवता तिरपा, गालाच्या रेषेत, ३० ते ४५ अंश बाजूला ठेवा आणि त्याचं तोंड ओठांकडे वळवा. शिवाय भरतकामाच्या रिंगेत जुनी नायलॉनची ओढणी ताणून बसवा आणि माइकच्या पुढे दोन-तीन बोटांवर उभी करा. झोत तिच्यात विरतो, आवाज पार होतो. कविता वाचणाऱ्यानं तर हे करावंच, कारण संथ वाचताना प्रत्येक ‘भ’वर श्वास जास्त पडतो.

आता कूलर. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापाचे नऊ दिवस, सुरू असताना नागपुरात कूलर बंद करा म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पण खिडकीतल्या कूलरचा पंखा, पंप आणि घासेवरून, म्हणजे जाळीतल्या गवतावरून, गळणारं पाणी मिळून होणारा घरघराट साध्या बोलण्याच्या तोडीचा असतो. त्यात कूलर चालायचा तर दार उघडं लागतं, म्हणजे रस्त्यावरचे हॉर्नही आत. एकसुरी घरघराट संगणकावर काही प्रमाणात कमी करता येतो. त्यासाठी कुणीही न बोलता दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा. ऑडॅसिटीसारखा फुकट प्रोग्रॅम त्या नमुन्यावरून घरघराट ओळखतो आणि वजा करतो. ६ ते १० डेसिबलपर्यंत ठीक. त्याहून जास्त ओढलं की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडतं. घुमाऱ्यावर ही युक्ती चालतच नाही, कारण घुमारा दर शब्दागणिक बदलतो. तो आपलाच आवाज असतो. नवी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं तो थोडाफार काढतात, पण कधीकधी शब्दाचं टोकही छाटतात.

आणि मराठीत टोक छाटलं तर अर्थच उलटतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्याच्याही मागे ‘नाही’. तिथे पोहोचेपर्यंत बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि आवाज सर्वांत खाली गेलेला असतो. ‘शेवट मला पटला नाही’मधला ‘नाही’ कूलरच्या घरघराटात बुडाला, तर ऐकणाऱ्याच्या हाती उलटंच मत लागतं.

म्हणून कूलर बंदच करायचा, पण वीस-वीस मिनिटांसाठी. शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॅटचा दिवा असतं. चौघांचे ४०० वॅट. बंद खोलीतली ३८ किलो हवाच तेवढी तापते असं धरलं, तर दर मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त चढेल. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता घेतात, निदान त्या थंड असतील तर. वरच्या मजल्यावर दुपारभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून संध्याकाळची बैठक टाळून सकाळी सहा ते आठची वेळ धरा. रस्ताही शांत असतो. फक्त मे महिन्यात कोकीळ असतो, आणि त्याचा स्वर नेमका माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात पडतो. तो गाळता येत नाही. कोकिळाला पाहुणा कलाकार समजावं. बंद खोलीत फोनही तापतात. कंपन्या सहसा ३५ अंशांपर्यंतच्या वापराची हमी देतात, तेव्हा कव्हर काढून ठेवा.

वीस मिनिटांच्या तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक फोनमधलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत २० इतकी चूक असली तर तासाला ७२ मिलिसेकंद. ऐकायला ही क्षुल्लक, पण ५० मिलिसेकंदांच्या आसपास फरक गेला की एकाच माणसाचा आवाज दोनदा, प्रतिध्वनीसारखा ऐकू येतो. वीस मिनिटांत हाच फरक २४ मिलिसेकंदांवर थांबतो. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी खोलीच्या मध्यभागी एक खणखणीत टाळी वाजवा. संगणकाच्या पडद्यावर ती सुळक्यासारखी दिसते आणि चारही फायली तिच्याशी जुळवता येतात. फोन विमान मोडवर टाका. मध्येच कॉल आला तर अनेक फोन रेकॉर्डिंग गुपचूप थांबवतात.

रेकॉर्डरमध्ये डब्ल्यूएव्ही प्रकार आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ निवडा. एका फोनची तासाची फाइल सव्वातीनशे एमबीच्या घरात जाते, जागा आधी तपासा. पातळीचा काटा दिसत असेल तर सर्वांत मोठं हसू उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबलं पाहिजे. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला नीट शिवता येत नाही. हळू आलेला वाढवता येतो. फायली गोळा करताना त्या व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस नोट केली की आवाज दाबला जातो आणि आधी ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते.

संपादनात क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा घरघराट कमी करा, मग ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. पुरुषी आवाजही साधारण ८५च्या पुढेच सुरू होतो, खाली उरतात ते झोत, टेबलाचे धक्के आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण. त्यानंतर हळू आणि मोठ्यानं बोलणाऱ्यांना एका पातळीवर आणा. हे आधी केलंत तर हळू बोलणाऱ्या काकूंबरोबर त्यांच्यामागचा पंखाही मोठा होतो. एकूण जोर उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं हे माप) जवळ ठेवा, ऍपलची शिफारस तीच आहे. शेवटी ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ केली की तासाचा भाग २९ एमबीत बसतो.

पुस्तकातलं वाचून दाखवणार असाल तर एक कायद्याची गोष्ट. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. सुरेश भट २००३मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०६३ अखेरपर्यंत. समीक्षेसाठी उतारा वाचण्याची मुभा १९५७च्या कायद्यात आहे, पण किती ओळी याचं माप त्यात दिलेलं नाही. ज्यावर बोलणार आहात तेवढंच वाचा. अख्खी कविता वाचायची तर परवानगी घ्या. उतारा शक्यतो एका पानात संपणारा निवडा. पान उलटावंच लागलं तर बोलणं थांबवून उलटा, म्हणजे ती सळसळ नंतर कापता येते.

तयार भाग हेडफोनवर तपासून समाधान मानू नका. फोनच्या स्पीकरवर लावा, फोन ओट्यावर ठेवा आणि पोळ्या लाटायला घ्या, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून. ऐकणारे तसंच ऐकणार आहेत. सगळे शब्द पोहोचायची गरज नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटचा ‘आहे’ की ‘नाही’ एवढं ओट्यापाशी उभं राहून ओळखू आलं पाहिजे. जिथे आलं नाही ती वेळ टिपून ठेवा आणि तेवढ्याच वाक्याचं शेपूट ३-४ डेसिबलनं वर उचला.