अणू आणि रेणू: पन्नास वर्षांचा घोळ

हिंदी माध्यमाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाण्याचा ‘अणुभार’ १८ दिलेला आढळला, तर ती छपाईची चूक समजू नये. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात. म्हणूनच आपला अणुबॉम्ब तिकडे ‘परमाणु बम’ होतो. मराठीत पाण्याला रेणुभार असतो, अणुभार असतो तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन या मूलद्रव्यांना. हा गोंधळ शब्दांपुरता असल्याने दोन मिनिटांत मिटतो. याच दोन कल्पनांचा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी घातलेला घोळ निस्तरायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

अणू हा मूलद्रव्याचा असा कण, की जो रासायनिक अभिक्रियेत फुटत नाही. एक किंवा अधिक अणू मिळून पदार्थाचा स्वतंत्रपणे वावरणारा जो कण बनतो, तो रेणू. आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, तर ओझोनच्या रेणूत तेच अणू तीन असतात. अणू एकच असूनही रेणू बदलल्यामुळे एक वायू प्राणदायी ठरतो आणि दुसरा श्वसनाला घातक.

इंग्लंडमधल्या जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला तेव्हा हा भेद त्यांच्याजवळ नव्हता. संयुगाच्या कणालाही ते ‘संयुक्त अणू’ म्हणत. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल, तर त्यात दोहोंचा एकेक अणू मानावा, असा त्यांचा नियम होता, आणि त्यानुसार पाणी म्हणजे एक हायड्रोजन व एक ऑक्सिजन. पाण्यात वजनाने १ भाग हायड्रोजनमागे ८ भाग ऑक्सिजन असतो. तेव्हा हायड्रोजनचा अणुभार १ धरल्यास डाल्टन यांच्या सूत्राने ऑक्सिजनचा ८ येतो आणि आजच्या सूत्राने १६. सूत्र चुकले की अणुभार चुकतो, पण अणुभार ठाऊक नसताना सूत्र तरी कशावरून ठरवायचे?

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांना आढळले, की २ लिटर हायड्रोजन आणि १ लिटर ऑक्सिजन यांपासून २ लिटर वाफ होते. सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखी असेल, तर ऑक्सिजनचा एक कण वाफेच्या दोन कणांत वाटला जायला हवा. अणू फुटत नाही, मग हे शक्यच नाही, असे म्हणून डाल्टन यांनी हा निष्कर्ष नाकारला. इटलीतल्या अमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये यातून वाट काढली: जो दुभंगतो तो अणू नसून दोन अणूंचा रेणू आहे. मला हा संपूर्ण इतिहासातला सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो, पण त्या काळी तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्या मते अणू विरुद्ध विद्युत्प्रभारांमुळे एकमेकांना धरून राहत, आणि मग एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकत्र कसे नांदणार, हा प्रश्न त्या काळात बिनतोड होता. परिणामी, जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाची, त्या वेळी वापरात असलेली १९ वेगवेगळी सूत्रे नोंदवली.

कोडे सोडवले इटलीतले रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारो यांनी, आणि तेही साध्या हिशेबाने. वायूंची समान आकारमाने तोलून, हायड्रोजन वायूचा रेणुभार २ धरला, तर वाफेच्या १८ भागांत ऑक्सिजन १६ भाग भरतो, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६ आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२. ८ कुठेच सापडत नाही. मग ऑक्सिजनचा अणू १६ चा. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथे भरलेली परिषद ठोस निर्णयाविना उठली, पण शेवटी वाटलेली कॅनिझारो यांची पुस्तिका जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांच्या हाती पडली. मेंडेलीव्हही तिथे होते. १८६९ सालच्या त्यांच्या आवर्तसारणीला हेच सुधारलेले अणुभार उपयोगी पडले.

तरीही प्रत्येक पदार्थात रेणू असतोच असे नाही. हेलियमचा रेणू म्हणजे त्याचा एकटा अणूच, आणि मिठाच्या खड्यात तर रेणू शोधूनही सापडत नाही. तिथे सोडियम व क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युत्प्रभार असलेले अणू, आलटून पालटून रचलेले असतात आणि कोणता आयन कोणाचा जोडीदार, हे सांगता येत नाही.