मोटारगाडीतील इंधनबचत

तेवढेच अंतर कमी पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये कापता यावे म्हणून गाडी चालवण्याच्या, सांभाळण्याच्या आणि वापरण्याच्या सवयींत केलेला बदल म्हणजे इंधनबचत. रोजच्या बोलण्यात हा विषय ‘गाडी ॲव्हरेज किती देते’ या प्रश्नाने सुरू होतो. प्रश्नाचा रोख गाडीवर असतो; उत्तराचा मोठा भाग मात्र चालकाच्या उजव्या पायात असतो.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. डिझेल इंजिन याबाबतीत थोडे उजवे असते. हा तोटा इंजिन बनवणाऱ्यांच्या हातातला आहे, चालकाला त्यात फारसे काही करता येत नाही. चाकांपर्यंत पोचलेली ऊर्जा मात्र तीन ठिकाणी खर्च होते : हवा कापण्यात, टायर दबून पुन्हा फुगण्यात आणि ब्रेकमध्ये. पहिले दोन खर्च कमी करता येतात, पण गाडी चालते आहे तोवर टळत नाहीत. ब्रेकचा खर्च बराचसा टाळता येतो, आणि शहरातल्या चालवण्यात तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो.

हा खर्च मोजूनच पाहावा. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किमी वेगाने धावत असते तेव्हा तिच्या गतीत सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा गाडीला द्यायला जवळपास २० मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते, म्हणजे चार छोटे चमचे. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते चार चमचे ब्रेकच्या डिस्कची उष्णता होऊन हवेत जातात. असे पन्नास वेळा झाले की एक लिटर संपले. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ८० किमीवरून थांबताना सुमारे ३७ मिलिलिटर जाते, तर ४० वरून जेमतेम ९. लाल सिग्नल दिसत असतानाही वेग वाढवत जाऊन ऐन वेळी ब्रेक मारणारा चालक आधी पैसे देऊन वेग विकत घेतो आणि लगेच तो फेकून देतो.

यावर उपाय एकच, लांबवर पाहणे. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर नजर खिळवण्याऐवजी तिच्याही पुढच्या तीन-चार गाड्यांकडे पाहिले, तर ॲक्सिलरेटरवरून पाय कधी उचलायचा ते आधीच कळते. सिग्नलपाशी पोचेपर्यंत तो हिरवा झाला, तर गाडी पूर्ण थांबवावीच लागत नाही. समोरच्या गाडीपासून राखलेले भरपूर अंतर सुरक्षिततेसाठी जितके मोलाचे, तितकेच इंधनासाठीही. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या ब्रेक लावताना मोटरचा जनित्रासारखा उपयोग करतात आणि या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत घेतात. गर्दीच्या रस्त्यावर त्यांचा खर्च कमी येण्यामागे हे एक मोठे कारण आहे. काही भाग, सगळा नव्हे. त्यामुळे त्यांनाही हीच सवय उपयोगी पडते.

उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जुनी सवय इथे वेगळी काढून सांगायला हवी. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या काळात तिला थोडा तरी आधार होता. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि गाडीतला संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो. डॅशबोर्डवर त्या क्षणाचा इंधनखर्च दाखवणारा काटा असेल तर हे डोळ्यांनी दिसते : पाय उचलताच लिटरमागचे किलोमीटर झपाट्याने वर चढतात आणि आकडा कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. इंजिनाचे फेरे बरेच खाली आले की पुरवठा आपोआप पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहते आणि त्यासाठी इंधन पिते, शिवाय इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. चावी फिरवून इंजिनच बंद करणे तर त्याहून धोक्याचे. एक-दोनदा पेडल दाबल्यावर ब्रेक कडक होतो, स्टिअरिंग जड होते आणि चावी मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. काही थेंबांसाठी ही जोखीम कुणीही घेऊ नये.

मोकळ्या रस्त्यावर चित्र बदलते. तिथे ब्रेक क्वचितच लागतो आणि हवा मुख्य शत्रू ठरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी १०० किमीवरून १२० वर गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि १०० किमीच्या प्रवासात वाचतात दहा मिनिटे. बहुतेक गाड्या वरच्या गिअरमध्ये ताशी ५० ते ८० किमीच्या दरम्यान सर्वांत कमी इंधन घेतात. सरकारांनीही या नियमाचा आधार घेतला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किमीची वेगमर्यादा आणली. ती १९९५ मध्ये रद्द झाली. टपावरचे कॅरिअर हवेचा विरोध आणखी वाढवते. महामार्गाच्या वेगाला मोठी बंद पेटी १० ते २५ टक्के इंधन जास्त घेऊ शकते, आणि पेटी रिकामी असली तरी हवेला त्याने फरक पडत नाही. सहलीहून परतल्यावर ती उतरवून ठेवणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे. डिकीतल्या अनावश्यक वजनाचा परिणाम त्यामानाने कमी, ४५ किलोमागे साधारण एक टक्का.

चारही टायरमधील हवेचा सरासरी दाब प्रत्येक १ पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) कमी झाला की खर्च साधारण ०.२ टक्के वाढतो. आकडा लहान वाटतो, पण हवा महिनोन्महिने हळूहळू उतरत जाते. रेडियल टायरची बाजू योग्य दाबालाही थोडी फुगीर दिसते, त्यामुळे नुसते पाहून किंवा लाथ मारून काही कळत नाही, दाबमापकच हवा. दाब टायर थंड असताना मोजायचा. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो; टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नये. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढते असे सांगितले जाते, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित हवा तपासणाऱ्याला त्याचा वेगळा लाभ दिसत नाही.

फारसा ब्रेक न लावता पाच-दहा किलोमीटर जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ, धातूला न टेकवता, तळहात धरून पाहावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेले जाणवले, तर तिथला ब्रेक अर्धवट धरून राहिला आहे. अशी गाडी दिवसभर हळूच ब्रेक दाबून चालवल्यासारखी इंधन खाते, आणि असा हात धरून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. तुंबलेल्या एअर फिल्टरने ॲव्हरेज घटते हा समज मात्र जुना आहे : इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात तो तुंबला तर पिकअप मंदावतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर त्याहून कितीतरी महागात पडतो, म्हणून इंजिनाचा इशारादिवा पेटलेला असताना तशीच गाडी चालवत राहू नये.

थंड इंजिन जास्त इंधन घेते, आणि छोट्या फेरीत ते तापण्याआधीच बंद होते. दिवसात चार वेगवेगळ्या फेऱ्या मारण्यापेक्षा चार कामे एकाच फेरीत उरकणे त्यामुळे दुहेरी फायद्याचे. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसण्याची गरज नाही. सुरू करून सावकाश चालवले की ते लवकर तापते. उभ्या गाडीत चालू असलेले इंजिन आकारानुसार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे; पुन्हा सुरू करायला लागणारे इंधन ते तेवढा वेळ चालू ठेवण्यापेक्षा कमी असते. एसीबद्दल साधा हिशेब असा : गावात हळू जाताना खिडक्या, महामार्गावर एसी. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिली काही मिनिटे खिडक्या उघड्या ठेवल्या तर एसीवरचा ताणही हलका होतो.

पंपावर होणारी बचत बरीचशी कल्पनेतली असते. ऑक्टेन हा पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके न पडू देण्याच्या क्षमतेचा आकडा आहे, ताकदीचा नव्हे. पुस्तिकेत मागितले नसेल तर महाग पेट्रोल भरण्यात अर्थ नाही. सकाळी भरलेले थंड पेट्रोल जास्त मिळते हा समज तर फारच रुजला आहे. पेट्रोल अंशामागे सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते हे खरे, पण ते जमिनीखालच्या टाकीतून येते, जिथे दिवसभरात तापमान फारसे हलत नाही. एका अंशाचा फरक धरला तरी ४० लिटरमागे ४० मिलिलिटर, म्हणजे वर सांगितलेले दोन ब्रेक. इंधनवाहिनीवर लावायची चुंबके आणि तत्सम उपकरणे यांवर विसंबू नये : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही.

यांपैकी कशाने फरक पडला ते मोजल्याशिवाय कळत नाही. टाकी पंपाची नळी आपोआप थांबते त्या पहिल्या ‘क्लिक’पर्यंत भरून किलोमीटर नोंदवावेत, पुढच्या वेळी पुन्हा क्लिकपर्यंत भरून कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागावे, एका भरण्यावर न विसंबता चार-पाचची सरासरी धरावी. इथेही एक फसगत आहे. लिटरला ८ किमी देणारी गाडी १० देऊ लागली तर १०,००० किमीमागे २५० लिटर वाचतात. २० देणारी २५ देऊ लागली तर १०० च. म्हणून अनेक देशांत खर्च १०० किमीमागे किती लिटर असा उलटा सांगतात. घरात दोन गाड्या असतील आणि दोन्ही सारख्याच धावत असतील, तर आधी लक्ष द्यायचे ते जास्त खाणाऱ्या गाडीकडे.