ड जीवनसत्त्वाचे अन्नसमृद्धीकरण आणि गोव्यातील बालपोषण

दूध, खाद्यतेल अशा रोजच्या वापरातील पदार्थांत उत्पादनाच्या वेळीच ठरावीक मापाने ड जीवनसत्त्व मिसळणे म्हणजे ड जीवनसत्त्वाचे अन्नसमृद्धीकरण. बाजारात असा माल ‘फोर्टिफाइड’ म्हणून ओळखला जातो. मूळ हेतू मुलांमधील मुडदूस टाळण्याचा. ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. वाढत्या वयात हाडे मऊ राहतात, पाय बाक धरतात, मनगटे जाड दिसू लागतात, दात उशिरा येतात.

ब्रिटिश वैद्यकीय संशोधक एडवर्ड मेलनबी यांनी १९१९च्या सुमारास कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून मुडदुसाचा आहाराशी संबंध दाखवला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की तो टळत असे. १९३०च्या दशकात अमेरिकेत दुधात ड जीवनसत्त्व घालणे रुळले. फिनलंडने २००३मध्ये दुधाचे समृद्धीकरण सुरू केले आणि २०१०मध्ये प्रमाण दुप्पट केले.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे यासंबंधीचे विनियम २०१८चे आहेत. टोण्ड, डबल टोण्ड यांसारख्या दुधात लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम आणि खाद्यतेलात ग्रॅममागे ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व असावे, असे त्यांत ठरवले आहे. सोबत अ जीवनसत्त्वही घालतात. पिशवीवरची खूण म्हणजे निळे अधिक-चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी ‘एफ’.

हे आकडे मुलाच्या पेल्यात उतरवून पाहिले तर अपेक्षा जमिनीवर येतात. २०० मिलिलिटर दुधातून १ ते १.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ४० ते ६० आययू (जीवनसत्त्व मोजण्याची आंतरराष्ट्रीय एकके) मिळतात. शाळकरी मुलाची दिवसाची गरज ६०० आययू धरली जाते. दिवसभरात २० ग्रॅम तेल पोटात गेले तर त्यातून आणखी साधारण ९० ते १३० आययू. वारंवार तापवलेल्या तेलात त्याहून कमी. दूध उकळल्याने फारसे नुकसान होत नाही, पण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे असल्याने साय काढून ठेवली तर काही वाटा तिच्याबरोबर जातो.

वर्षभर ऊन आणि ताटात मासळी असलेल्या गोव्यात याची गरज काय, हा प्रश्न साहजिक आहे. बांगडा, तारली ही चरबीयुक्त मासळी ड जीवनसत्त्वाचा चांगला नैसर्गिक स्रोत आहे, हे खरेच. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते. पुढे श्रावण, पुष्कळ हिंदू घरांत मासळी वर्ज्य. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेले सुके बांगडे असतात, पण त्या खारट तुकड्यातला लहान मूल खाणार किती? कढी-हुमणातल्या नारळाच्या रसात तर ड जीवनसत्त्व नसतेच. फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या शाकाहारी घरांत उन्हाखेरीज दुसरा मोठा स्रोत उरत नाही. तान्ह्या बाळाला तेल चोळून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची रीत चांगली असली, तरी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण दहा-अकरानंतर अधिक मिळतात आणि तेव्हा मूल वर्गात बसलेले असते.

समृद्धीकरण पोचते ते कारखान्यातून आलेल्या मालापर्यंत. पिशवीचे दूध त्यात येऊ शकते. गवळ्याने दारात घातलेले दूध आणि गावच्या घाण्यावरचे खोबरेल त्याबाहेर राहते. गोव्यातील शाळांत बचतगट आणि महिला मंडळे माध्यान्ह आहार पुरवतात, आणि त्यात पाव-भाजी नेहमीची. त्या भाजीच्या फोडणीला कोणते तेल वापरले, ही बाब प्रस्तुत लेखकाला दुधाहून महत्त्वाची वाटते, कारण दूध न पिणारे मूलही भाजी खाते.

एक गैरसमज मात्र खोडायला हवा. रेशनवरच्या फोर्टिफाइड तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ असते, ड नसते. दुहेरी समृद्ध मिठात आयोडीन आणि लोह असते. तीच निळी खूण त्यांच्यावरही असते, म्हणून पिशवीची मागची बाजू वाचावी लागते.

२०१६–१८च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि किशोरवयीन २४ टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. वय वाढेल तशी ती वाढलेली दिसते.

जास्तीचे ड जीवनसत्त्व शरीरात साठते आणि रक्तातील कॅल्शियम वाढवते. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये बालआहारातील प्रमाण फार झाल्यावर असे रुग्ण दिसले आणि ते कमी करावे लागले. मानकांत वरची मर्यादा असते ती यासाठी. बाळाच्या पहिल्या वर्षी समृद्ध पदार्थांवर विसंबत नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळाला डॉक्टर रोज ४०० आययूचे थेंब देतात. हे थेंब मिलिलिटरला ४०० आणि ८०० आययू अशा वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतात. बाटली बदलली आणि ड्रॉपरवरचे माप तेच ठेवले, तर मात्रा दुप्पट होऊ शकते.