देशाला नावं ठेवली की देशद्रोह?

मिसळीच्या टेबलावर असो की सोसायटीच्या ग्रुपवर, हे ऐकू येतंच: ‘देशात मोकळेपणा उरला नाही असं म्हणणं म्हणजे देशद्रोह.’ साफ चूक. केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगितलंय: सरकारवर कितीही कडक टीका करा, हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह नाही. (आता राजद्रोहाच्या त्या जुन्या कलमाऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ आलंय, त्याची भाषा मला जरा जास्तच सैल वाटते.)

आणि नाशिककरांनी तरी असं बोलू नये! पंचवटीत काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो स्वकीयांविरुद्धच. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. नेतृत्व करणारे बाबासाहेब पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.