एन्रिको कारुसो : रेकॉर्ड निघण्याआधीची वर्षं

इटालियन ऑपेरा गायक कारुसोचं नाव ऑपेराशी काही घेणं-देणं नसलेल्यांनीसुद्धा कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि बहुतेकांना वाटतं की हा माणूस जन्मालाच तो आवाज घेऊन आला. तसं अजिबात नाहीये. विशी उलटली तरी वर चढला की त्याचा आवाज फाटायचा, आणि मला तर त्याच्या करिअरमधला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

जन्म २५ फेब्रुवारी १८७३, नेपल्स. वडील मेकॅनिक, फाउंड्रीतले कामगार, घरात कायम ओढाताण. त्याला वीस-एकवीस भावंडं होती अशी कथा वर्षानुवर्षं सांगितली जाते, पण बाप्तिस्म्याच्या नोंदी बघितल्या तर सातच मुलं दिसतात आणि त्यातली तीनच जगली. वडिलांचं म्हणणं, पोरानं आपल्यासारखंच हाताचं काम शिकावं, म्हणून त्याला लहानपणीच कामाला लावलं. गाण्याच्या बाजूनं उभी राहिली ती आई. तो चर्चच्या क्वायरमध्ये गायचा. १८८८ मध्ये आई गेली आणि मग हा पैशासाठी कॅफेंमध्ये, रस्त्यावर, समुद्रकाठच्या रिसॉर्टवर, मिळेल तिथं गायला लागला. आयुष्यातला पहिला नवा कोरा बुटांचा जोड घेतला तो अशाच कमाईतून.

तिथंच एका ओळखीच्या गायकानं त्याला ऐकलं आणि गुल्येल्मो वेर्जिने नावाच्या गुरुजींकडे नेलं. गुरुजींना आवाज अगदीच बारीक वाटला, पण शेवटी शिकवायला तयार झाले, फी नंतर द्यायची या बोलीवर, म्हणजे पाच वर्षांच्या कमाईतला २५ टक्के हिस्सा. ऐकायला ठीक वाटतं ना, पण करारात मेख अशी की पाच वर्षं म्हणजे 'प्रत्यक्ष गायलेली' पाच वर्षं, फक्त स्टेजवरचे दिवस मोजायचे, म्हणजे हा म्हातारा होईपर्यंत पैसे भरत बसला असता! प्रकरण पुढे कोर्टात गेलं आणि एकरकमी पैसे देऊन एकदाचं मिटलं. मध्येच लष्करी सेवेचं बोलावणं आलं, पण गाणं ऐकून एका मेजरसाहेबांनी त्याची सुटका केली आणि त्याच्या जागी धाकटा भाऊ गेला. त्या भावाचं नाव कोणी घेत नाही, घ्यायला हवं. जोव्हानी.

स्टेजवर पहिल्यांदा उभा राहिला १५ मार्च १८९५ ला, नेपल्सच्या तेआत्रो नुओव्होमध्ये. तो ऑपेरा आज कुणाच्या लक्षातही नाही. त्या सुमाराचा त्याचा एक फोटो आहे, अंगाभोवती चादर गुंडाळून एखाद्या रोमन सरदारासारखा बसलाय, कारण एकुलता एक शर्ट धुवायला गेला होता.

आवाज खऱ्या अर्थानं तयार झाला तो व्हिन्चेन्झो लोम्बार्दी या ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या हाताखाली. फाटणारे वरचे सूर त्यांनी चिकाटीनं बसवून घेतले. १८९७ मध्ये लिव्होर्नोला 'ला बोहेम' करायचं ठरलं तेव्हा हा पोरगा थेट त्या ऑपेराचा संगीतकार पुच्चिनी याच्या घरी जाऊन गाऊन आला, आणि पुच्चिनी खूश झाला. १७ नोव्हेंबर १८९८ ला मिलानमध्ये संगीतकार जोर्दानोच्या 'फेदोरा' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात तो गायला आणि त्यानंतर त्याला मागे वळून बघावं लागलं नाही. सेंट पीटर्सबर्ग, ब्युनोस आयरिस, १९०० च्या डिसेंबरमध्ये कंडक्टर तोस्कानिनीच्या हाताखाली मिलानचं ऑपेरा हाउस ला स्काला. फक्त स्वतःच्या गावानं थंड स्वागत केलं. १९०१ च्या अखेरीस नेपल्सच्या सान कार्लो थिएटरमधल्या प्रयोगांनंतर तो इतका दुखावला की पुन्हा नेपल्सच्या स्टेजवर गायलाच नाही.

आणि मग ११ एप्रिल १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग मिलानच्या ग्रँड हॉटेलमध्ये मशीन मांडून बसला होता. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं, साथीला फक्त पियानो. कारुसोनं दहा गाणी गायली, १०० पौंडांत. त्या भोंग्यात नाजूक आवाज विरून जायचे, याचा भरीव आवाज मात्र रेकॉर्डिंगच्या मेणाच्या तबकडीवर स्वच्छ उमटला. लोम्बार्दींची मेहनत चार-पाच वर्षं आधी झाली नसती तर त्या मेणावर फाटका सूरच उमटला असता.

आपल्याकडच्या रसिकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हाच गैसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्यात पोचला आणि नोव्हेंबरमध्ये तसाच भोंगा लावून त्यानं गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९०३ ला, कारुसो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'रिगोलेत्तो' गायला उभा राहिला.