सकाळची प्रार्थना शिळी का होते, आणि त्यावरचे जुने उपाय

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत एक तक्रार वरचेवर ऐकू येते. सकाळची प्रार्थना होते, पण तिच्यात मन नसतं. घरचे सगळे पाच-दहा मिनिटं बसतात, बाबा नाहीतर आजी प्रार्थना करतात आणि वाक्यं ठरलेली असतात: ‘हे प्रेमळ स्वर्गीय बापा, रात्रभर आम्हांला सुखरूप ठेवलंस, ही नवी सकाळ दाखवलीस, म्हणून तुझे आभार मानतो.’ मग आजारी, मग प्रवासातले, मग परीक्षेला बसलेले. आमेन म्हणता म्हणता एकाचा हात बुटांकडे जातो, कारण भंवरकुआंला क्लास असतो. पोरं म्हणतात, काहीतरी नवीन करा. मोठी माणसं म्हणतात, प्रार्थनेत कसलं आलंय नवीन? मागचा इतिहास चाळला तर दोन्ही बाजूंना थोडं नमतं घ्यावं लागेल. सकाळची वेळ फार जुनी आहे, पण तेव्हा काय करायचं हे प्रत्येक काळात कुणी ना कुणी बदललेलं आहे.

सुरुवात यहुदी उपासनेतच सापडते. मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू अर्पण करायची आज्ञा होती. पाचव्या स्तोत्रातला भक्त सकाळीच देवाला हाक मारून वाट बघत बसतो. विलापगीतात, उद्ध्वस्त यरुशलेमेसाठी रडता रडता, कवी म्हणतो की देवाची करुणा रोज सकाळी नवी होते. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला आणि तिथे प्रार्थना केली, असं मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्याने काय शब्द वापरले, किती वेळ केली, हे मार्क सांगत नाही. पुढच्या लोकांना मोकळीक मिळाली ती इथेच, असं मला वाटतं.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी (म्हणजे चर्चनी) ती मोकळीक वापरलीही. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लेखात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. इ. स. ११२ च्या सुमाराला बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. त्यांचा गुन्हा काय, तर ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. आळीपाळीने म्हणजे एकाने ओळ धरायची, दुसऱ्याने उचलायची. आपल्याकडे टाळकऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

पुढे मठ आले आणि वेळापत्रक आलं. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या मठाधिपतीने नियम घालून दिले, त्यांत आठवड्याला दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पुरी व्हायलाच हवीत असं सांगितलं. पण कुठलं स्तोत्र कुठल्या प्रहरी याची लांबलचक वाटणी दिल्यावर तोच लिहितो की ही मांडणी कुणाला पटत नसेल तर त्याने आपल्या समजुतीप्रमाणे दुसरी करावी, आठवड्यात सगळी स्तोत्रं झाली म्हणजे झालं. बेनेडिक्टची शिस्त सगळे सांगतात, हे वाक्य सहसा कुणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात मठांचे बरेचसे प्रहर गुंडाळून सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन उपासना केल्या, त्याही लोकांच्या भाषेत. स्तोत्रांसाठी त्याने तीस दिवसांचं चक्र लावलं. महिन्याच्या अमुक तारखेला सकाळी अमुक स्तोत्रं, हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, घरात पोरासोरांनाही ठाऊक असे. इंदूरच्या रेसिडेन्सी भागातलं व्हाइट चर्च या परंपरेचं. इंग्रज अधिकारी तिथे छापील पुस्तकातून प्रार्थना म्हणत.

आपल्याकडच्या बहुतेक घरांना वळण लागलं ते मात्र दुसऱ्या बाजूने. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (बिशपांऐवजी वडीलमंडळाने चालणाऱ्या प्रोटेस्टंट) मिशनचं काम १८७७ मध्ये महू-इंदूरकडे सुरू झालं, आणि दहा वर्षांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघालं. (किशोर कुमार शिकले ते हेच कॉलेज. इंदूरच्या माणसाने हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नसतं.) प्रेस्बिटेरियन मंडळींना छापील प्रार्थनेचं वावडं होतं. स्कॉटलंडच्या मंडळीने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेची एक मार्गदर्शिका मान्य केली होती. त्यात घरातल्या कर्त्याने सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना बसवून वाचन करावं आणि प्रार्थना शक्यतो स्वतःच्या शब्दांत करावी असं आहे. ज्याला अजून जमत नाही त्याने सुरुवातीला ठरीव प्रार्थना वापरली तर चालेल, पण तिथेच थांबू नये, अशी पुस्तीही आहे. ही रीत मिशनच्या बंगल्यांतून, दवाखान्यातून, शाळेतून घरोघर गेली. अध्याय वाचायचा, गीत म्हणायचं, मग घरातला मोठा डोळे मिटून मनातून प्रार्थना करणार.

गंमत अशी की मनातून केलेली प्रार्थनाही दहा वर्षांत पाठ होते. वर दिलेलं ‘प्रेमळ स्वर्गीय बापा’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही, तरी आमच्याकडच्या अर्ध्या घरांत ते शब्दशः सारखं निघेल. पुस्तकातून प्रार्थना करणारे आणि पुस्तकाशिवाय करणारे शेवटी एकाच जागी येऊन पोचतात. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा या दोन्ही परंपरा कागदोपत्री एका छपराखाली आल्या. सवयीचा कंटाळा त्यांच्यात आधीपासूनच एक होता.

या कंटाळ्यावर सगळ्यात चांगला जुना उपाय मला एका न्हाव्याला लिहिलेल्या पत्रात सापडतो. जर्मनीतल्या विटेनबर्गचा पीटर बेस्केनडॉर्फ धर्मसुधारक मार्टिन लूथरची हजामत करायचा. त्याने विचारलं, प्रार्थना करायची कशी? लूथरने १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटं पुस्तकच लिहून छापलं. त्यात तो न्हाव्याला न्हाव्याच्याच भाषेत समजावतो: चांगल्या कारागिराचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, गप्पांत रमला तर गिऱ्हाईकाचं नाक कापायचा. मग लूथर आपली रीत सांगतो. दहा आज्ञांपैकी एक घ्यायची आणि तिचे चार पदर करायचे. ही आज्ञा मला काय शिकवते, हिच्यासाठी मी कशाचे आभार मानू, हिच्यापुढे मला काय कबूल करायचंय, आणि आता मी काय मागू. चोरी करू नको, ही आज्ञा घेऊन बघा. शिकवण सोपी आहे. आभार मानायला गेलं की घरात काय काय सुखरूप आहे ते आठवतं. कबुलीशी आल्यावर ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेली पोराच्या प्रोजेक्टची पानं आठवतात. मागण्यापर्यंत पोचेस्तोवर प्रार्थना ‘प्रेमळ स्वर्गीय बापा’पासून बरीच लांब आलेली असते. लूथर आणखी एक सांगतो. मध्येच एखादा विचार जोरात आला तर बाकीचे पदर खुशाल सोडून द्यावेत आणि गप्प बसून तो ऐकावा. (पीटरची पुढची गोष्ट दुःखाची आहे. त्याच वर्षी जेवणाच्या पंगतीत त्याच्या हातून जावयाचा खून झाला आणि त्याला हद्दपार व्हावं लागलं. लूथरने त्याच्यासाठी रदबदली केली होती.)

तीनशे वर्षांनी ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांचे जॉर्ज म्युलर यांनी वेगळीच दुरुस्ती केली. ते वर्षानुवर्षं उठल्या उठल्या प्रार्थनेला बसत. पहिली दहा मिनिटं, कधी पंधरा, कधी अर्धा तास मन भरकटण्यातच जाई, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १८४१ मध्ये त्यांनी क्रम उलटा केला. आधी पवित्र शास्त्रातला थोडा भाग घ्यायचा, त्यावर मनन करायचं, आणि त्यातूनच प्रार्थना उगवू द्यायची. आमच्या घरांत वाचन आधी आणि प्रार्थना नंतर हा क्रम आहेच, पण वाचलेल्याचा प्रार्थनेशी काही संबंध नसतो. लेवीय हे यज्ञ-नियमांचं पुस्तक वाचतात आणि इन्कम टॅक्सच्या नोटिशीसाठी प्रार्थना करतात.

वचनांच्या डबीची कुळकथाही जर्मनीतच आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना वर्णन नको, बाकीच्यांसाठी सांगतो: तळहातावर मावेल अशी डबी, आत कागदाच्या गुंडाळ्या दाटीने उभ्या, रोज सकाळी एक ओढायची, उलगडून मोठ्याने वाचायची. धाकट्याला ओढायला द्यायची यावरून भांडण ठरलेलं. चिठ्ठी काढून दिवसाचं वचन घ्यायची प्रथा हेर्नहूटच्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या वस्तीत रुळली. १७२८ च्या मे महिन्यात त्यांचा पुढारी काउंट झिंझेनडॉर्फने संध्याकाळच्या सभेत दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं, आणि मग रोज सकाळी कुणीतरी दारोदार जाऊन ते सांगू लागलं. १७३१ पासून वर्षभराची वचनं आधीच छापली जाऊ लागली. ती आजही छापली जातात, पन्नासहून अधिक भाषांत. हेर्नहूटमध्ये जुन्या करारातलं वचन अजूनही चिठ्ठी काढूनच ठरतं. आमच्या डबीत मात्र फक्त आशीर्वादाचीच वचनं भरलेली असतात. मोरावियन चिठ्ठीत ताकीद, तक्रार, रडणंही निघू शकतं. त्यामुळे त्यांची सकाळ जास्त खरी होत असावी.

मराठीचा स्वतःचा धागा आणखी मागे जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघालं ते ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ओवी हा छंद पहाटेचा आहे. जात्यावर बसलेल्या बाया तो रोज गात होत्या, म्हणजे मराठी घरात सकाळच्या गाण्याची सोय आधीपासूनच होती. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनी तिचा फारसा उपयोग केला नाही. त्यांनी इंग्रजी चाली आणल्या आणि मराठी शब्द त्यांत कोंबले. ऱ्हस्व-दीर्घाची पार वाताहत झाली. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा कुठे थोडं मोकळं वाटलं.

मग नारायण वामन टिळक आले. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘केवढे हे क्रौर्य’ शाळेत पाठ केलेल्यांना हे टिळक ठाऊक असतात, पण त्यांची भजनं आणि अभंग ख्रिस्ती घरांबाहेर फारसे पोचले नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मराठी मंडळ्यांत अजून वापरात असलेल्या ‘उपासना संगीत’मध्ये त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. त्यांनी प्रार्थनेचा विषय बदलला नाही. आभार, कबुली, मागणं, सगळं जुनंच ठेवलं. फक्त ते अशा चालीत दिलं की भाकरी थापता थापता म्हणता यावं. त्याच काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ मध्ये रोज जमणारे प्रार्थनागट सुरू केले. तिथे शेकडो बायका-मुली एकाच वेळी, मोठमोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करत. शिस्तीच्या उपासनेला सरावलेल्या काही पाहुण्यांना तो गोंगाट वाटला.

इंदूरला हा सगळा वारसा जरा तुटक पोचला. इथली मंडळी उपासना हिंदीत करते, मराठी राहिली ती घरात. नगरकडून सून आली तर तिच्याबरोबर ‘उपासना संगीत’ येतं, नाहीतर नाही. आमच्याकडच्या प्रतीत गीतांशेजारी आजीने पेन्सिलीने नाट्यपदांची नावं लिहिली आहेत. छापलेली चाल तिला येत नव्हती म्हणून तिने आपली बसवली. आता तीच गीतं यूट्यूबवर की-बोर्डच्या ठेक्यात मिळतात, आणि सकाळी साडेपाचपासून सूर्योदयाच्या चित्रावर वचन चिकटवलेले मेसेज सुरू होतात. ते मी नवीन मानत नाही. ते दुसऱ्याला फॉरवर्ड करायला वाचावंही लागत नाही.

नवीन म्हणावं असं आहे ते छोटं आहे. आमच्या मंडळीतल्या एक मावशी सकाळी नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की ओला-सुका कचरा देऊन येतात आणि त्या गाण्यातच गाडीवरच्या माणसांसाठी प्रार्थना करतात. गाडी रविवारीही येते, त्यामुळे खंड पडत नाही. एका घरात लूथरचे चार पदर चौघांत वाटले आहेत, रोज पाळी बदलते. बारावीतल्या पोराला कबुलीचा पदर आला की तो मौन पाळतो, आणि त्याला कुणी टोकत नाही.

संडे स्कूलच्या मुलांनी यंदा ११९ वं स्तोत्र धरलं. त्याच्या १७६ ओळी हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेल्या आहेत, २२ अक्षरं आणि प्रत्येकाच्या आठ ओळी. मुलांनी ठरवलं, आपण मराठी मुळाक्षरांवर आभार मानायचे, रोज सकाळी एक अक्षर. ‘क’ला कुकर आला, ‘ख’ला खजराना चौकातला लवकर सुटणारा सिग्नल, ‘ज’ला पोह्यांबरोबरची जिलबी. ‘ण’ आणि ‘ळ’ला काय करायचं यावर अजून वाद चालू आहे. पाळकसाहेब म्हणतात शब्दाच्या शेवटी आलेलं चालेल, मुलींना ती लबाडी वाटते.