करपा नव्हे, तिळाचा ठिपका

श्रावणात खानापूरकडच्या कुठल्याही बांधावर उभं राहा, भाताच्या पानावर ठिपका दिसला की 'करपा लागला' म्हणून मोकळं व्हायचं. शेजारचा कन्नड शेतकरी 'बेंकी रोग' म्हणतो, म्हणजे आगीचा रोग. दोन्ही भाषांत पान जळतं ते खरं, पण जाळणाऱ्या बुरशी दोन आहेत.

खरा करपा पायरिक्युलारिया बुरशीचा. ठिपका होडीसारखा, दोन्ही टोकं निमुळती, मधे राखाडी. दुसरा तपकिरी ठिपका, बायपोलारिस बुरशीचा: तिळाएवढा, गोलसर, भोवती पिवळं कडं. त्याच्या जपानी नावातही तीळच आहे.

ते पिवळं कडं विषाचं. बायपोलारिस ऑफिओबोलिन नावाचं विष सोडते. त्यानं पेशीचं आवरण गळकं होतं, आतले क्षार झिरपतात, पेशी मरते आणि बुरशी मेलेल्यावर जेवते. करप्याची चाल उलटी. त्याचा बीजाणू पानाला चिकटून काळसर फुगा धरतो आणि मोटारीच्या टायरच्या सुमारे ४० पट दाबानं पान भोसकतो. सुरुवातीला जिवंत पेशीत गुपचूप राहतो. मारामारी नंतरची, त्यात टेन्युअ‍ॅझोनिक आणि पिकोलिनिक आम्लासारखी विषं आढळतात. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक त्या फुग्याला काळा रंग धरू देत नाही, मग दाब टिकत नाही. तिळाच्या ठिपक्यावर मात्र ते फवारून फारसं काही हाती लागत नाही.

खरा घोटाळा युरियाचा. करपा माजतो तो नत्र जास्त झालेल्या, हिरव्यागार, लुसलुशीत भातावर. तपकिरी ठिपका उपाशी पिकाचा रोग: हलकी जमीन, पालाश कमी, पाण्याचा ताण. ठिपका ओळखायला चुकून करप्यावर युरियाची मूठ टाकली, की आगीत तूप. आणि तपकिरी ठिपक्याला किरकोळ समजू नका. १९४२ साली बंगालच्या भाताला त्यानंच ग्रासलं होतं. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात त्याचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

पोसवताना लोंबीचा गळाच काळा पडून मोडला, तर तो बहुतेक करपाच, आपली 'मानमोडी'. दाण्याच्या टरफलावर तपकिरी डाग असतील तर दुसऱ्याचा संशय धरा. तो बियाण्यातूनही येतो, म्हणून तरवा टाकण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाकायचं. तरंगेल ते हलकं बी काढून टाकायचं, खाली बसेल ते साध्या पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं.